पाहुण्याची खोली

'क्वारंटाईन' हा शब्द २०२० साली घराघरांत शिरला आणि आपण त्याला भिऊ लागलो. मुळात तो दिवसांचा हिशोब आहे. १३७७ मध्ये रागुसा, म्हणजे आजचे दुब्रोव्हनिक, या बंदराने प्लेगग्रस्त भागांतून येणाऱ्यांना तीस दिवस शहराबाहेर थांबण्याचा नियम केला. पुढे ही मुदत चाळीस दिवसांची झाली आणि व्हेनिसच्या बोलीतील 'चाळीस'वरून तिला नाव मिळाले. उपवासकाळ पाळणाऱ्या आपल्याला ही संख्या परकी नाही.

पापडीच्या धर्मगुरुनिवासात मी खाऱ्या पाण्याचे लहानसे मत्स्यालय सांभाळतो. नवा मासा आला की तो लगेच मोठ्या टाकीत सोडावा, असा धर्मशिक्षणाला येणाऱ्या मुलांचा आग्रह असतो. मी मात्र त्याला कोपऱ्यातील साध्या टाकीत ठेवतो. "फादर, त्याला शिक्षा कशाची?" एका मुलीने विचारले. प्रश्न रास्त होता.

त्या टाकीत वाळू नाही, प्रवाळखडक नाही. लपायला प्लास्टिकच्या पाइपाचे तुकडे तेवढे आहेत. वाळू आणि खडक औषध शोषून घेतात. शिवाय तांब्याचे औषध कोळंबीला व प्रवाळाला मारक असल्याने मोठ्या टाकीत घालताच येत नाही. पाणी मात्र तितकेच खारे हवे, लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ. पाणी उडते आणि मीठ मागे उरते, हे मिठागरांच्या वसईकराला सांगायला नको. म्हणून घटलेल्या पाण्याची भर गोड्या पाण्यानेच करायची. फिल्टरचा स्पंज काही आठवडे आधीच मोठ्या टाकीत ठेवायचा; त्यात वाढलेले जिवाणू माशांपासून निर्माण होणारा अमोनिया निर्विष करीत नेतात. पाहुणा येण्यापूर्वी खोली तयार हवी, ती अशी.

क्रिप्टोकॅरियॉन नावाचा परजीवी माशाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके उमटवतो. काही दिवसांनी ठिपके जातात आणि घरचे आनंदतात. तो मात्र तळाशी उतरून वाढत असतो आणि शेकडोंनी परततो. एका सकाळच्या निर्मळ दर्शनावर विसंबले, तर मोठ्या टाकीतील सारे मासे गमवावे लागतील. म्हणून चार ते सहा आठवड्यांचा धीर.

"बाळ," मी तिला म्हणालो, "प्रवासाने दमलेला हा मासा इथे कुणाच्या धाकाविना जेवायला शिकतो."

वेगळे ठेवणे आणि टाकून देणे यांत अंतर आहे ते काळजीचे. त्या टाकीकडे रोज कुणी फिरकले नाही, तर ती कोठडीच होईल. २०२० मध्ये बंद दाराशी ठेवलेले गरम ताट आणि बाहेरून मारलेली हाक यांनीच कित्येक आजाऱ्यांना आपले घर आपले वाटले होते.