महिन्याला एक किलो

माझ्या कोपरांच्या लवणात आणि गुडघ्यांमागे इसब आहे. डॉक्टरी भाषेत अटॉपिक डर्मटायटिस, सगळे म्हणतात ते एक्झिमा. खरूज नाही, गजकर्ण नाही आणि शिवल्यानं लागत नाही. शाळेपासून हे खुलासे इतक्यांदा केलेत, की नावामागून आडनाव यावं तसे ते तोंडातून आपोआप येतात.

पण खाजेपेक्षा जास्त खुलासे मला क्रीमचे द्यावे लागलेत. पुण्यात आम्ही चौघं एका खोलीत राहतो. अंघोळ झाली की मी पाय पसरून बसतो आणि घोट्यापासून वर चोपडत जातो. ‘काय रे, आज बघायला येणारेत का तुला?’ हा विनोद तीन वर्षं टिकलाय. घरी, जालन्याला, पप्पा काही बोलत नाहीत. फक्त टीव्हीचा आवाज वाढवतात. त्यांच्या हिशोबी औषध म्हणजे थोडंसं लावायचं, झोंबणारं, उग्र वासाचं काहीतरी. पांढरं, गार, अंगभर फासायचं ते पोरींचं.

लहानपणी ते गल्लीतल्या मेडिकलमधून एक मलम आणायचे. चिठ्ठी नाही, काही नाही. तीन दिवसांत चट्टा गायब, आठवड्यात दुप्पट हजर. त्यात स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध असं सगळं एकत्र कालवलेलं होतं, हे फार पुढे कळलं. कोपराच्या लवणातली कातडी तिथे अजून पातळ आहे. याचा अर्थ स्टिरॉइड वाईट, असा नाही. भडका उठला की ते लागतंच. डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस आणि मोजून. ट्यूबमधून बोटाच्या शेवटच्या पेरावर काढलेली एक रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, ती दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. स्टिरॉइड मुठीनं आणि मॉइश्चरायझर पेरानं.

मॉइश्चरायझर किती लागतं, तर ब्रिटनमधल्या उपचाराच्या सूचनांमध्ये लहान मुलांसाठीसुद्धा आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लिहिलंय. म्हणजे कमीत कमी महिन्याला एक किलो! आपण पन्नास ग्रॅमची ट्यूब दिवाळी ते शिमगा पुरवणारी माणसं. म्हणून मी महागाच्या नादी लागत नाही. वास नसलेलं, रंग नसलेलं, मोठ्या डब्यातलं घ्यायचं. लोशनमध्ये पाणी जास्त, ते लवकर उडतं, क्रीम बरं, मलमासारखं घट्ट त्याहून बरं, पण एप्रिलमध्ये कोण सहन करणार? साधी पेट्रोलियम जेली १८७२ पासून पेटंट घेऊन बसलीय आणि पाणी अडवण्यात अजून तिचा हात धरणारं फारसं काही नाही. (असलं काही चोपडलेले कपडे आणि चादरी पटकन पेट घेतात. गॅस आणि देवघरातल्या निरांजनापासून लांब राहायचं.)

हे सगळं मला स्किन ओपीडीतल्या मॅडमनी सांगितलं. त्यांनी केसपेपरच्या मागच्या बाजूला भिंत काढली. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी म्हणजे विटा, मधली चरबी म्हणजे माल. इसबात तो मालच कमी पडतो. फटींतून आतलं पाणी उडतं, बाहेरून धूळ, साबण, जंतू आत शिरतात आणि खाज सुटते. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातला दोष शोधला. तो असेल तर ही भिंत जन्मतःच कच्ची असते. सगळ्याच इसबवाल्यांत तो दोष नसतो. पण भिंत मात्र सगळ्यांचीच गळकी.

पप्पा गवंडी आहेत. या दिवाळीत मी त्यांना तो केसपेपर दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, ‘मग पाणी मारत असशील ना?’ गिलावा केल्यावर त्यावर पाणी मारत राहावं लागतं, नाहीतर तडे जातात. मी म्हटलं, तेच. कोमट पाण्यानं थोडक्यात अंघोळ, अंग घासायचं नाही, टिपायचं आणि ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत क्रीम. चट्टे नसतील त्या दिवशीसुद्धा. त्यानं भडका उशिरा उठतो आणि स्टिरॉइड कमी लागतं. ‘कधीपर्यंत?’ रोजच, म्हटलं. त्यांनी मान हलवली. रोज हा शब्द त्यांना नवा नाही.

मग मी त्यांचे हात बघितले. तसे ते रोजच दिसतात. बोटांच्या बेचक्यांत भेगा, तळव्यावर जाड खपल्या, अंगठ्याशी रक्त सुकलेलं. ते ‘सिमेंटनं होतंच’ म्हणतात आणि वीस वर्षं खोबरेल लावतात. ओलं सिमेंट साबणापेक्षाही तिखट अल्कली असतं आणि त्यातल्या क्रोमियमची अॅलर्जी गवंड्यांमध्ये जुनी आणि ओळखीची आहे. तसं असेल तर नुसत्या क्रीमनं भागणार नाही. हातमोजे लागतील, आणि हातमोज्यात थापी निसटते असं त्यांचं म्हणणं आहे. मी डबा पुढे केला. त्यांनी वास घेतला. ‘वासच नाही याला,’ म्हणाले आणि दोन बोटं बुडवली.

पुढच्या बुधवारी ते पुण्याला येतायत. ठेकेदाराला खाडा सांगून ठेवलाय. केसपेपर दोन काढायचेत आणि ओपीडीची रांग आठलाच लागते.