जुने, वापरते

पोलीस ठाण्यातल्या फिर्यादीत चोरीला गेलेल्या प्रत्येक वस्तूपुढे चार अक्षरं असतात. जु. वा. किं. अं. जुनी वापरती, किंमत अंदाजे. परवा खोक्यातून काढलेली वस्तूसुद्धा चोरीला गेली की जुनी वापरती होते. पूर्व विदर्भात वाघमोजणीला स्वयंसेवक म्हणून जायला लागल्यापासून अशा तीन कागदांवर साक्षीदार म्हणून माझी सही झाली. घटनास्थळ म्हणजे कक्ष क्रमांक, खूण म्हणजे झाड. मोह, धावडा, ऐन. पहिल्या वेळी हवालदारांनी विचारलं, "राखणीला कोण होतं?" कोणी नव्हतं. तिथं कोणी नसावं म्हणूनच कॅमेरा लावतात, हे त्यांना काही पटलं नाही. त्यांनी लिहिलं, 'बेवारस स्थितीत'.

जंगलात बेवारस ठेवलेलं काय काय गेलं, त्याची ही यादी. काही आमचं, काही दुसऱ्यांचं.

कॅमेरा, दोन नग. वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजवीसारखे नसतात. म्हणून वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर एकेक लावायचा. दोन चौरस किलोमीटरला अशी एक जोडी, निदान पंचवीस दिवस. उंची गुडघ्याच्या जरा खाली. तोंड उगवतीला नको, मावळतीला नको. समोरचं गवत कापायचं, नाहीतर तापलेलं पातं वाऱ्यानं हललं तरी कळ दाबली जाते आणि रात्री तंबूत पाच हजार गवतं बघत बसावं लागतं. बसवून झालं की एकानं समोरून रांगत जायचं, म्हणजे वाघ व्हायचं. वनमजूर वाघ व्हायला कधीच तयार होत नाहीत. ते काम शहरातून आलेल्यांचं.

जागा मात्र तेच निवडतात. आमच्याबरोबर एक म्हातारे वनमजूर असतात, सगळे त्यांना काका म्हणतात. वाट जिथं दोन दगडांत चिणल्यासारखी होते, खाली माती मऊ असते आणि आडवं लाकूड ओलांडायला जनावर अर्धा क्षण थबकतं, तिथं ते काठी टेकतात. तिथंच बांधा. काकांची जागा चुकलेली मी पाहिली नाही. हे कुठं शिकलात म्हटल्यावर आधी हसले, मग म्हणाले, "माहा बाप फासे लावे, भाऊ."

कॅमेऱ्याचं घराणंही शिकारीचंच. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाच्या वनाधिकाऱ्यानं हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलात वाटेवर तार ताणून वाघाला स्वतःचाच फोटो काढायला लावलं. १९२७ साली त्या फोटोंचं पुस्तक निघालं. तीच तार बंदुकीच्या चापाला बांधली असती तर पुस्तकाऐवजी कातडं मिळालं असतं. आज आपल्या जंगलात सागाला बांधलेले कितीतरी कॅमेरे विस्कॉन्सिनच्या कडेबॅक कंपनीचे असतात, आणि त्या कंपनीचं मूळ गिऱ्हाईक वाघ मोजणारा नाही, हरीण मारणारा. उन्हाळ्याच्या अखेरीस तो कॅमेरा झाडाला बांधतो, कोणता शिंगवाला किती वाजता जातो ते बघून ठेवतो आणि हंगामात बरोबर त्या वेळी येऊन बसतो. आपण फक्त शेवटची पायरी गाळली.

२०१८ च्या व्याघ्रगणनेत देशात २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले. ३ कोटी ४८ लाखांवर छायाचित्रं निघाली, गिनेस बुकात नोंद झाली. त्यात वाघाची ७६,६५१. उरलेल्यांत सांबर, चितळ, गुरं आणि माणसं.

साखळी, कुलपासकट. पहिल्या वेळी साखळी कापली होती. दुसऱ्या वेळी पेटीच उचकटली. तिसऱ्या वेळी साखळी शाबूत, कुलूप शाबूत आणि झाड तोडलेलं. मनगटाएवढा ऐन, दोन घावांत. बुंध्याजवळ ढलप्या पडल्या होत्या.

सेल, आठ. चोरलेल्या कॅमेऱ्याचा तसा काही उपयोग नसतो. त्यानं वाढदिवसाचे फोटो काढता येत नाहीत. बाजारात गिऱ्हाईक नाही. कार्ड टपालाच्या तिकिटाएवढं, मोबाइलमध्ये शिरत नाही. पण सेल कुठल्याही बॅटरीत चालतात आणि रात्री शेत राखायला बॅटरी लागते. एकदा कॅमेरा जागेवर होता, झाकण उघडं, कार्ड काढून खोडाजवळ दगडाखाली ठेवलेलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून. सेल तेवढे नेले होते. इतकी सभ्य चोरी मी शहरात पाहिलेली नाही.

आणि काही कॅमेरे चोरायचे म्हणून नेलेलेच नसतात. मोजणीचा हंगाम आणि मोहाचा हंगाम एकमेकांच्या अंगावर येतात. पहाटे चारला बायका टोपल्या घेऊन निघतात, वाटेत आडोशाला बसतात. आडोसा आता राहिला कुठं? उत्तराखंडात कॉर्बेटच्या जंगलात असंच एका बाईचं छायाचित्र कॅमेऱ्यात आलं आणि मोबाइलवरून फिरलं. गावानं कॅमेरे फोडले, जाळले. केंब्रिजच्या एका संशोधकाचा त्या भागावरचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आणखी एक गोष्ट आहे. तिथल्या बायका सरपण गोळा करताना मोठ्यानं बोलत, गात. जनावराला चाहूल लागावी म्हणून. कॅमेरे आल्यावर त्यांचा आवाज बसला. फिर्याद कॅमेऱ्याची होते. गाण्याची कुठं करायची?

फास, नग मोजलेले नाहीत. हे आमचे गेलेले नाहीत, हे आम्ही नेलेले आहेत.

मोटारसायकलची क्लच वायर. एका टोकाला सरकगाठ, दुसरं टोक झाडाला. कोकणात याला फासकी म्हणतात. डुकरासाठी लावतात, बिबट्या अडकतो, मग 'फासकीत अडकलेल्या बिबट्याची सुटका' अशी बातमी येते. नेहमी सुटका होतेच असं नाही. तार कमरेत रुतते, जनावर जितकं ओढेल तितकी आवळते, आणि लावणारा दोन दिवस फिरकत नाही.

कॅमेऱ्यांच्या वाटा तपासताना फास दिसला की काढून पिशवीत टाकायचा आणि बीटगार्डकडे द्यायचा, असा आमचा शिरस्ता. पहिल्यांदा काढला तेव्हा अंगावर काटा आला होता, पण शिकारीच्या क्रूरपणानं नाही. जागा ओळखीची होती. वाट चिणलेली, माती मऊ, उंची गुडघ्याच्या जरा खाली. जनावरानं बाजूनं जाऊ नये म्हणून दोन्हीकडे काटक्यांचं कुंपण. आम्ही कॅमेऱ्यासाठी तस्संच कुंपण करतो. काकांनी वायर सोडवता सोडवता मान डोलावली. जागेला दाद होती ती.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा असल्यामुळे फासवाला कुठल्याच ठाण्यात जाऊ शकत नाही. त्याच्या मालापुढे ती चार अक्षरं कोणी लिहीत नाही.

गाठ. ही वस्तू म्हणायची की नाही ठाऊक नाही, पण गेलेली आहे. काकांच्या बापाच्या वेळी फास अंबाडीच्या दोरीचे असत आणि कोणाचा फास हे गाठीवरून कळायचं, असं काका सांगतात. दुसऱ्याच्या फासातला ससा काढून नेला तर संध्याकाळपर्यंत गावात कळायचं. क्लच वायरला गाठ कसली? टोकाला कारखान्यातच बसवलेला धातूचा मणी असतो, सगळ्यांचा सारखा. आमच्या कॅमेऱ्यावर पांढऱ्या रंगात क्रमांक घातलेला असतो. तोही वाचून कोणाला काही कळत नाही. सरकारी, एवढंच कळतं.

घोड्याच्या शेपटीचे केस. फासेपारध्यांचे तित्तर-लाव्यांसाठीचे फास या केसांचे. शिकवलेल्या गायीच्या आडून पारधी सावकाश चालायचा, पाखरं न उडता पुढं सरकत फासांकडे जायची. म्हणजे फास टाकून माणूस घरी जात नसे. तो फासाच्या अंतरात असे आणि पाखरू अडकलं की लगेच हातात असे. राखणीविना फास ही या शिकारीची रीत नव्हे. १८७१ च्या कायद्यानं ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारण्याची सोय केली, त्यात पारधीही आले. १९५२ मध्ये तो कागदावरून पुसला. जंगलात काहीही हरवलं की आजही आधी त्यांच्याच पालावर जातात.

वाघूर. मोठ्या जनावरासाठीचं जाळं. हा शब्द आता विचारला तर लोक जळगावकडच्या धरणाचं नाव सांगतात.

काच आणि पांढरं प्लास्टर. पूर्वी वाघ मोजायचे ते ठशांवरून, काचेवर गिरवून, प्लास्टर ओतून. चोरण्यासारखं त्यात काही नव्हतं. राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते, जंगलात एकही नव्हता, हे २००५ साली उघड झालं आणि ती पद्धत गेली. म्हणजे वाघ चोरीला गेले होते आणि फिर्याद द्यायला उशीर झाला होता.

गळपट्टा, एक. रेडिओ कॉलर. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातला जय नावाचा वाघ गळ्यात कॉलर घालून २०१६ मध्ये नाहीसा झाला, तो झालाच. त्याचा मुलगा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीडच्या बाजूला पिकाच्या राखणीसाठी सोडलेल्या विजेच्या तारेवर मेला. त्याची कॉलर आधी सापडली, शेतात पुरलेला वाघ नंतर. जंगलात राखणीविना ठेवलेल्या शिकारीच्या सगळ्या साधनांत ही तार मला सर्वांत वाईट वाटते. तिला फासाइतकंही कसब लागत नाही. वाट वाचता यावी लागत नाही, गाठ यावी लागत नाही. आकडा टाकता आला की झालं.

मचाण. पूर्वी शिकाऱ्याचं, आता बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर बसून जनावरं मोजायचं. त्याचा बांबू पावसाळ्याआधी कोणाच्या तरी गोठ्यात पोचतो. याला चोरी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण हल्ली लोखंडी करतात.

अमेरिकेतल्या हरणांच्या शिकाऱ्याचंही मचाण लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं, शिडीसकट, पट्ट्यांनी झाडाला आवळलेलं. तो आठवडाभर शहरात नोकरी करतो आणि शनिवारी येऊन बघतो तर झाडावर पट्ट्यांचे वळ. सार्वजनिक जंगलात मचाण ठेवायचं तर त्यावर मालकाचं नाव किंवा क्रमांक हवा, असा कित्येक राज्यांत नियम आहे. चोराला तो नियम वाचता येतो, एवढाच त्याचा उपयोग. मग शिकारी पहिल्या कॅमेऱ्यावर नजर ठेवायला दुसरा कॅमेरा लावतात, दहा फूट उंच, पानांत लपवून. काही कॅमेरे फोटो थेट मालकाच्या फोनवर पाठवतात, म्हणजे कॅमेरा नेणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्याच्या आधी घरी पोचतो. ॲरिझोनानं १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी असे कॅमेरे लावायलाच बंदी केली. कारण चोरीचं नव्हतं. हरणाला संधीच उरत नाही, असं तिथल्या शिकार खात्याला वाटलं.

बदकं, अकरा. ही यादीत बसत नाहीत, कारण ती गेली नाहीत. अमेरिकेत नेवाडा राज्यात लव्हलॉक नावाची गुहा आहे. जवळच्या पाणथळीवर बदकं उतरत. ती फसून जवळ यावीत म्हणून तिथले मूळ रहिवासी लव्हाळ्याची खोटी बदकं करत, वर रंग, अंगात खरी पिसं खोवलेली. हंगाम संपल्यावर कोणीतरी अकरा बदकं नीट गुंडाळून गुहेत खड्ड्यात ठेवली आणि वर झाकण घातलं. पुढच्या हंगामाला काढू म्हणून. १९२४ साली उत्खननात ती निघाली, सुमारे दोन हजार वर्षांनी. मधल्या काळात, १९११ मध्ये, वटवाघळांच्या विष्ठेचं खत खणून नेणाऱ्यांनी त्या गुहेतलं बाकीचं पुष्कळ उधळलं होतं. बदकांपर्यंत फावडं पोचलं नाही. ठेवणारा पुन्हा का आला नाही?

छायाचित्रं, नऊ. तिसऱ्या फिर्यादीतली, म्हणजे ऐन तोडला त्या जागेची. चोरानं जोडीतला एकच नेला. समोरचा बहुधा दिसला नसावा, आम्ही तो करवंदीच्या जाळीत बसवला होता. महिन्याच्या अखेरीला त्याचं कार्ड निघालं. रात्री तंबूत आम्ही फोटो रकान्यांत लावत होतो. चितळ, अस्वल, गुरं, माणूस.

माणसाच्या रकान्यातल्या पहिल्या चार फोटोंत, सकाळी ६:४१ ला, वाटेवर एक माणूस उकिडवा बसला आहे. तोंडाला गमछा. हातात पक्कड. दोनदा मान वळवून मागं बघतो, वायर गुंडाळून पिशवीत कोंबतो. कोणीतरी म्हणालं, "हाच." मी म्हटलं, हा मी आहे.

पाचव्या फोटोत, ८:१०, त्याच जागी दुसरा माणूस. त्याच्याही तोंडाला गमछा. फास होता तिथं पायानं पाला बाजूला करतो. मग उकिडवा बसतो, माझ्यासारखाच, आणि काटक्यांच्या कुंपणात हात घालून बघतो. सातव्यात तो उठला आहे आणि मान तिरकी करून ऐनाच्या खोडाकडे बघतो आहे, तिथल्या डोळ्यात. आठव्यात कुऱ्हाड.

नवव्यात पाठमोरा. खांद्यावरून साखळी लोंबते आहे, टोकाला कॅमेरा. कुलूप बंद आहे.