अण्णांचा आवाज कानात घालून

परदेशातल्या संग्रहालयात दारातच ते यंत्र देतात ना, कानाला लावायचं आणि चित्रासमोर उभं राहून ऐकायचं, तसलं काही आमच्या माधवनगरच्या आसपास मिळत नाही. म्हणजे मिळत नव्हतं. गेल्या दिवाळीत मी तसाच हिंडलो, आणि माझा गाईड घरी खाटेवर पडून होता.

तर सांगायचं म्हणजे, आमचे अण्णा शाळेत इतिहास शिकवायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. स्वरयंत्र काढावं लागणार हे कळल्यावर आई रडली, मी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारले. अण्णांनी मात्र माझ्या भाचीला बोलावून मोबाईलवर रेकॉर्डिंग कसं करतात ते शिकून घेतलं. पुढचे आठ दिवस ते रोज दुपारी खाटेवर बसून बोलत होते. मला वाटलं होतं निरवानिरवीचं काहीतरी असेल, बँकेचं, शेताचं वगैरे. निघाल्या अकरा फाईली. 'हरिपूर १', 'हरिपूर २', 'तासगाव', 'जेल'... मास्तर शेवटी मास्तरच.

ऑपरेशननंतर मी त्या ऐकल्या नाहीत. धीर झाला नाही म्हणा हवं तर. गेल्या दिवाळीत भाची म्हणाली, "मामा, आजोबांच्या फाईली आमच्या वर्गाला ऐकवायच्यात, सहलीला. आधी तू एकदा जाऊन बघून ये ना, सगळं जुळतंय का." मग गाडीला किक मारली.

पहिली चूक हरिपूरच्या रस्त्यावरच सापडली. "सांगली सोडलीस की डाव्या हाताला मोठी चिंच आहे, तिथं थांब," अण्णा म्हणाले. मी थांबलो. चिंच नव्हती. अण्णा बसल्या जागेवरून, आठवणीतल्या रस्त्यानं मला नेत होते आणि त्या रस्त्यावर अजून सगळी झाडं उभी होती. मागे कुकरची शिट्टी वाजते, आई कुणाला तरी "हळू बोला, रेकॉर्डिंग चाललंय" म्हणून दटावते. ते ऐकून भर रस्त्यात हसू आलं.

हरिपुरात कृष्णा-वारणेचा संगम, काठावर संगमेश्वर. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचा जन्म इथला, १८५५ चा. हे सगळं कुणीही सांगेल. पण अण्णांनी अख्खी 'हरिपूर २' खर्ची घातली ती हळदीच्या पेवांवर. पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि आत पोट मोठं. इथली माती अशी की खोल खणलं तरी ढासळत नाही, ओल धरत नाही. आत पाल्याचा थर द्यायचा, हळद भरायची, तोंड मातीनं बंद. पुढं वर्षानुवर्षं कीड नाही, रंग उतरत नाही. "पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं," अण्णा सांगतात, "आधी कंदील सोडायचा. विझला, तर माणूस सोडायचा नाही." इथं ते थांबतात, खोकतात, पाणी पितात. फाईल चालूच. मीही तसाच उभा राहिलो. समोर नुसती सपाट जमीन. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, हळद गेली आणि त्यातली बरीच पेवं कायमची निकामी झाली. बघायला काही नाही, म्हणूनच ऐकायला हवं. ताजमहालाचं काय, तो न ऐकताही दिसतो.

तासगाव आमच्यापासून वीसेक किलोमीटर, बुधगाव-कवलापूरवरून. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ, आणि त्याचं सात मजली गोपूर, थेट दक्षिणेतल्यासारखं. भाऊ हैदर-टिपूच्या मोहिमांवर कर्नाटकात जाऊन आले, तिथली देवळं डोळ्यात भरली. इथं अण्णांचं एकदम वर्गातलं सुरू होतं, सनावळ्यांसकट. १७९९ साली पट्टणकुडीच्या लढाईत भाऊ पडले तिथपर्यंत येतात. थोडं कंटाळवाणं आहे, खरं सांगतो. भाचीच्या वर्गातली मुलं इथं भेळ खायला पळणार.

आणि मग 'जेल'.

सांगलीच्या गणेशदुर्गातला तुरुंग. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार तुरुंग फोडून तटावरून खंदकात उड्या टाकून निसटले. पावसाळ्यातली कृष्णा, मागे पोलीस. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव त्या दिवशी गोळ्यांना बळी पडले. दादांच्या खांद्याला गोळी लागली, ते पकडले गेले. अण्णा हे इतकं सुंदर सांगतात की मी खंदकाच्या कडेला गाडी लावून दोनदा ऐकलं. मग त्यांचा आवाज खाली येतो. "माझे वडील त्या दिवशी नदीकाठी होते. त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं."

लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. आमच्या घराण्याच्या वाट्याला आलेला स्वातंत्र्यलढा तेवढाच. पण आजोबांच्या पेटीत त्यांच्या गिरणीतल्या नोकरीचे कागद आहेत, घर रंगवताना मी चाळले होते. १९४१ ते १९४५ आजोबा सोलापुरात होते. १९४३ चा जुलै भरलेला, एकही खाडा नाही.

तेवढं वाक्य फाईलमधून कापणं अवघड नव्हतं. भाचीनं दाखवलं होतं, दोन बोटांचं काम. वर्गातल्या चाळीस मुलांना खोटं ऐकवायचं का? पण बाकीची दहा मिनिटं एकही सन न चुकलेल्या माणसाच्या तोंडातलं, पुन्हा कधीच बोलता न येणारं वाक्य आपण कापायचं, हेही काही गळी उतरेना. न विचारता तर नाहीच.

रात्री जेवणं झाल्यावर कागद घेऊन त्यांच्याजवळ बसलो. म्हटलं, "अण्णा, आजोबा तेव्हा सोलापुरात होते." अण्णांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. उशाची पाटी ओढली (भाचीचीच जुनी, तिच्यावरच बोलतात हल्ली) आणि लिहिलं, 'माहीत आहे.'

मी बघतच राहिलो. "मग सांगितलंत कशाला?"

पुसलं. परत लिहिलं. 'ते सांगायचे. मी कधी विचारलं नाही.' बराच वेळ पेन्सिल हातात धरून बसले. मग खाली बारीक अक्षरात, 'कापू नको. पुढं तू बोल.'

दुसऱ्या दिवशी दुपारी आईला कुकर लावू नको म्हणून सांगितलं, दार लोटलं आणि अण्णांच्याच खाटेवर बसून फोन तोंडाशी धरला. तीन वाक्यं होती, आदल्या रात्री लिहून ठेवलेली. हा बोलणाऱ्यांचा मुलगा बोलतोय, आजोबा तेव्हा सोलापूरच्या गिरणीत कामाला होते, त्यांनी हे कुणाकडून ऐकलं ते आता सांगता येत नाही. पाच-सहा वेळा चुकलं. अण्णा समोरच्या खुर्चीत बसून ऐकत होते. प्रत्येक वेळी बोट वर करायचे, म्हणजे पुन्हा. एकदा पाटीवर लिहून दाखवलं, 'घाई नको.' सातव्या वेळी बोट वर आलं नाही.