न उपसलेल्या पाण्याचं अनुदान

पारनेरकडच्या कुठल्याही टेकाडावर उभं राहिलं की खाली उन्हात चकाकणारे चौकोन दिसतात. ती शेततळी. जवळ जाऊन पाहावं तर भोवती तारेचं कुंपण, प्लास्टिकवरून पाय घसरून कुणी आत पडलंच तर धरायला दोराला बांधलेली ट्यूब, आणि एका कोपऱ्यातून आत सोडलेला पाइप. माझी नजर नेहमी त्या पाइपावर जाते. तो कुठून येतो हे पाहत मागं मागं गेलं, की बऱ्याचदा विहीर नाहीतर बोअर लागते. कागदावर तळं पावसाचं पाणी धरण्यासाठी असतं. इथं मात्र जमिनीच्या पोटात गार पडून असलेलं पाणी वीज जाळून वर काढायचं आणि उन्हात वाळत घालायचं, असा उलटा कारभार.

‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ साली आली. तेव्हा जास्तीत जास्त ५०,००० रुपये मिळत, पुढे ती मर्यादा ७५,००० वर गेली. ठिबक सिंचनालाही केंद्राचं अनुदान अल्पभूधारकाला ५५ आणि इतरांना ४५ टक्के. राज्याची भर पडून ते ८० आणि ७५ पर्यंत जातं. दोन्हींचे अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. तिथं काही वर्षं निवड सोडतीनं होत असे, त्यामुळे ‘लॉटरी लागली का?’ हा प्रश्न पारावर ऐकू यायचा. नंबर लागला की पूर्वसंमती, काम, मोजमाप, फोटो. तळ्याची लांबी-रुंदी-खोली टेपनं मोजता येते. पाणी कुठून आलं, हे टेपला कळत नाही.

यात शेतकऱ्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. मे महिन्यात डाळिंबाची बाग डोळ्यांदेखत वाळताना ज्यानं पाहिली, तो तळं भरणारच. मी नाही उपसलं तर शेजारी उपसेल, हा हिशेबही खोटा नाही. तळं एकाचं असतं, खालचं पाणी सगळ्यांचं.

पारनेरच्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावानं हा हिशेब फिरवला. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. त्यानंतर माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, बांध, झाडं अशी कामं झाली आणि त्यात सरकारी योजनांचा पैसा होताच. तो इतर गावांनाही मिळाला. हिवरे बाजारनं त्याला जोड दिली ती न करण्याच्या गोष्टींची: शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही, कुऱ्हाड नाही, मोकाट चराई नाही. पाऊस संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावर पिकं ठरतात. चर खोदायला पैसा मिळाला. पण बोअर न घेणाऱ्याला, ऊस न लावणाऱ्याला कुठल्या खात्यानं किती रुपये दिले?

अमेरिकेत १९८५ पासून एक योजना आहे. धूप होणारी जमीन दहा-पंधरा वर्षं पिकाखाली आणायची नाही, तिथं गवत-झाडं राखायची आणि त्याबद्दल सरकारनं दरवर्षी भाडं द्यायचं. न करण्याचेही पैसे देता येतात, याचा हा दाखला. मात्र तो जसाच्या तसा इथं आणावा, असं मला वाटत नाही. रान पड आहे की पेरलंय, हे बांधावरून दिसतं. रात्री लाइट आल्यावर कुणी किती उपसलं, ते दिसत नाही. शिवाय संयमाला भाव लावला, की भाव पडल्यावर संयमही सुटायचा.

म्हणून मोबदला द्यायचाच, तर तो एकट्याच्या खात्यावर न जाता गावाला मिळावा. उन्हाळ्यात गावच्या विहिरींची पातळी मोजायची, ताळेबंद पाळला असेल तर गावाला निधी, नसेल तर नाही. मग बोअरची गाडी शिवारात शिरली, की तिला अडवणं ही एकट्या सरपंचाची डोकेदुखी राहणार नाही. त्यात प्रत्येकाच्या खिशाचा प्रश्न असेल. आज आपण खड्ड्याला पैसे देतो आणि पाण्याची आशा धरतो. पाण्यालाच पैसे दिले, तर खड्डा कुठं हवा आणि कुठं नको, हे गाव आपलं आपण ठरवेल.