खाचराची माती

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या मुंब्र्याच्या घरी माशांची काचेची टाकी आली. मुलगा तेव्हा सातवीत होता. त्याचे अब्बा कुवेतला असतात. दर शुक्रवारी फोनवर याचा एकच हट्ट, शेवटी त्यांनी होकार दिला. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. पण पोराला नुसते मासे नको होते. तळाला माती, मातीवर वाळू आणि त्यात खरीखुरी वाढणारी झाडं, असं पाण्यातलं रान त्याला हवं होतं.

त्याने माती मागितली, ती मी दिली. गॅलरीतल्या कुंड्यांसाठी आणलेल्या गोणीतली. तिच्यात शेणखत होतं, निंबोळी पेंड होती. माझे गुलाब तिच्यावर छान फुलले होते. गुलाबाला चांगली ती पाण्यातल्या झाडालाही चांगली, असा माझा हिशेब.

माती घातली, वर रंगीत खडे पसरले, पाणी भरलं, चार रोपं खोचली आणि दुसऱ्याच दिवशी आठ गप्पी आणि सहा निऑन टेट्रा सोडले. तिसऱ्या दिवशी सकाळी मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंड उघडझाप करत होते. पाणी दुधाळ झालं होतं. संध्याकाळपर्यंत पाच मेले, दुसऱ्या दिवशी उरलेले सगळे. मुलाने जाळीने एकेक बाहेर काढला आणि कुंडीत पुरला. रात्री जेवला नाही. "अम्मी, मी मारले त्यांना," एवढंच म्हणाला.

माझ्या सासूबाई कोपऱ्यात बसून पाहत होत्या. सासरे गेल्यानंतर आम्ही त्यांना दापोली तालुक्यातल्या गावाहून इथे आणलं, तेव्हापासून त्यांचं बोलणं कमीच झालं होतं. भाताच्या खाचरात जन्म काढलेली बाई चौथ्या मजल्यावर कुणाशी काय बोलणार? पण त्या दिवशी त्यांनी नातवाला जवळ बोलावून विचारलं, "बाबू, माती कुठली होती रे?"

"कुंडीची, दादी."

"खताची? कच्चं खत घालून लगेच पाणी कोंडलंस तर रोपसुद्धा जळतं. मासा तर जीव आहे."

मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. माती मीच दिली हे तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले. पोरगं दोन दिवस स्वतःला दोष देत राहिलं आणि मी भाकऱ्या थापत राहिले. तिसऱ्या दिवशी मात्र राहवलं नाही. त्याला जवळ बसवून म्हटलं, "ती माती मी दिली होती. चूक माझी आहे, तुझी नाही." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुम्हाला तरी कुठे माहीत होतं?" मुलं मोठ्यांना किती लवकर माफ करतात!

पुढे आम्ही मायलेकांनी मिळून वाचायला घेतलं. शेणखत, पेंड असं काही पाण्याखाली कुजलं की अमोनिया सुटतो, आणि थोडासा अमोनियाही माशांना विष असतो. पाण्यातले आणि मातीतले सूक्ष्म जिवाणू आधी त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, त्याचा त्रास बराच कमी आणि झाडांना तर ते अन्नच. पण हे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही दिली होती एक रात्र.

अमेरिकेतल्या डायना वॉल्स्टॅड यांनी १९९९ साली आलेल्या आपल्या पुस्तकात साध्या मातीवर टाकी कशी उभी करायची ते मांडलं आहे. तळाला इंच-दीड इंच माती, वर साधारण इंचभर बारीक खडी आणि पहिल्या दिवसापासून भरपूर झाडं. मुलाने हे दादींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे खाचरच की! मे महिन्यात गावाला जाऊ तेव्हा आपल्या खाचराची माती आण. चार वर्षं पडीक आहे, युरियाचा दाणा पडलेला नाही."

मे महिन्यात गेलो. सासूबाई बांधावर उभ्या राहिल्या आणि कुठे खणायचं ते त्यांनी काठीने दाखवलं. वरचा गवताचा थर काढून खालची तांबडी माती पिशवीत भरली. आपल्या कोकणातल्या जांभ्याच्या मातीत लोह भरपूर असतं. हाच जांभा परदेशात लॅटराइट या नावाने माशांच्या टाकीत घालायला विकत मिळतो. येताना मुलाने हर्णैच्या किनाऱ्यावरची मूठभर वाळूही घेतली. घरी तिच्यावर शिरक्याचे थेंब टाकले तर बुडबुडे आले. म्हणजे तिच्यात शिंपल्यांचा चुरा होता. तो हळूहळू विरघळतो आणि पाणी जड करतो. ती वाळू बाजूला ठेवली. बांधकामाची वाळू चाळून २ ते ३ मिलिमीटरचे दाणे निवडले, शिरक्याने तपासले आणि पाणी नितळ येईपर्यंत धुतले.

माती तशीच वापरायची नव्हती. मुळं, काड्या चाळून काढल्या. मग ती बादलीत भिजवायची, वर तरंगणारा कचरा ओतून द्यायचा आणि गच्चीवर उन्हात वाळवायची. असं चार वेळा केलं. ओलं-सुकं होताना मातीतलं जे कुजायचं ते बाहेरच कुजून जातं, टाकीत माशांच्या जिवावर उठत नाही. शेजारच्या बाई हसून म्हणाल्या, "माती धुऊन वाळत घालणारं घर पहिल्यांदाच पाहिलं!"

जूनच्या सुरुवातीला थर लावले. तळाला एक इंच माती, पुढच्या काचेपासून दोन बोटं जागा सोडून. तिथे नुसती वाळू, म्हणजे समोरून चिखल दिसत नाही. मातीवर दीड इंच वाळू. वाळूचं काम माती दाबून ठेवायचं. वर मोठे खडे घातले तर फटींतून माती वर येते, पहिल्या वेळी तेही झालं होतं. आणि पिठासारखी बारीक वाळू घातली तर खालच्या मातीचा श्वास कोंडतो. माती जाड घातली तरी तेच. प्राणवायू न पोचलेली माती काळी पडते आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. मग वाळूवर रकाबी ठेवली आणि तिच्यावर हळूहळू पाणी सोडलं, म्हणजे थर विस्कटत नाहीत. वॅलिस्नेरिया, हायड्रिला, रोटाला अशी रोपं दाटीने लावली.

पहिले तीन आठवडे एक दिवसाआड अर्धं पाणी बदललं. नवं पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवलेलं. मातीतून बुडबुडे यायचे तेव्हा मुलगा घाबरायचा. दादी म्हणायच्या, "खाचरातही येतात, चालताना पायाखालून." विणकामाच्या सुईने तो आठवड्यातून एकदा वाळू हळूच टोचायचा, म्हणजे वायू कोंडून राहत नाही.

एक दिवस एक रोप सैल होऊन वर आलं. मुलाने ओरडून दाखवलं, "दादी, मुळं तांबडी झालीत!" मला वाटलं, पुन्हा काही बिघडलं. सासूबाई मात्र हसल्या. "भाताची मुळं अशीच असतात. तांबडी असली म्हणजे रोप जगलं. काळी पडली की बांध फोडून पाणी सोडायचं आणि खाचराला हवा द्यायची." नंतर कळलं, त्या बरोबर होत्या. पाण्यातल्या झाडाची मुळं आजूबाजूच्या चिखलात प्राणवायू सोडतात, त्याने मातीतलं लोह गंजून मुळांवर तांबडा लेप चढतो. ही मुळंच खालची माती सडू देत नाहीत. म्हणून झाडं पहिल्या दिवसापासून दाट हवीत.

सहाव्या आठवड्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्हींची चाचणी शून्य आली. सलग तीन दिवस. तरी मुलगा आणखी एक आठवडा थांबला. त्याला कुणी थांबायला सांगितलं नव्हतं. मग चारच गप्पी आणले. आज टाकीत किती आहेत ते मोजता येत नाही.

संध्याकाळी दिवा लागला की सासूबाई टाकीपुढे खुर्ची ओढून बसतात. नातवाला सांगतात, कुठल्या वर्षी आवण उशिरा लागलं, कुठल्या वर्षी बांध वाहून गेला. ती जमीन विकावी का, अशी बोलणी आमच्याकडे वर्षभर चालली होती. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. गेल्या मे महिन्यात त्यांनी स्वतःच मुलाला, म्हणजे माझ्या पतीला, कुवेतला फोन लावायला सांगितला. म्हणाल्या, "खाचर विकू नका. शेजारच्यांना वाट्याने करायला द्या. माती पडीक राहिली म्हणून मेलेली नाही, मी रोज बघते ना."

या पावसाळ्यात तिथे भात लागला आहे.