रझवीला न्यायालय, लातूरला शिक्षा

दहशतवादाला राष्ट्रे कसे उत्तर देतात, या विषयावर दिवाळी अंकासाठी लेख मागविला जातो, तेव्हा संपादकांच्या डोळ्यांसमोर बहुधा न्यूयॉर्क, पॅरिस किंवा फार तर मुंबई असते. नांदेड आणि लातूर नसतात. वास्तविक धर्माच्या नावाने उभी राहिलेली सशस्त्र संघटना, तिच्याविरुद्धची लष्करी कारवाई आणि त्या कारवाईनंतरचे सूडसत्र हे सर्व तेव्हा हैदराबाद संस्थानात असलेल्या मराठवाड्याने 1948 पर्यंतच पाहिले होते. परंतु दर 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ध्वजारोहणानंतर होणारी भाषणे निजामाच्या शरणागतीशी थांबतात आणि पुढचे प्रकरण अभ्यासकांच्या गळ्यात पडते.

या विषयातील सर्वांत चिवट वाद रझाकार या सशस्त्र संघटनेच्या मुळाविषयीचा आहे. 1927 मध्ये स्थापन झालेल्या मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेला बहादूर यार जंग यांनी 'अनल मलिक' हा सिद्धांत दिला. त्यानुसार हैदराबाद संस्थानाचे सार्वभौमत्व मुस्लिम समाजात वसते आणि निजाम हा त्या सत्तेचे केवळ प्रतीक ठरतो. 1944 मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढे लातूरचा वकील कासीम रझवी याच्याकडे नेतृत्व आले, तेव्हा रझाकारांच्या रूपाने या सिद्धांताच्या हाती बंदूक आली. बहुसंख्य प्रजा हिंदू आणि वरिष्ठ नोकऱ्यांत मात्र मुस्लिमांचे वर्चस्व, अशा राज्यात विलीनीकरण म्हणजे केवळ निजामाचे नव्हे तर एका संपूर्ण वर्गाचे पदच्युत होणे होते, हे लक्षात घेतल्याशिवाय रझाकारांचे आकर्षण समजत नाही. विलीनीकरणाची बाजू घेणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्लाह खान यांची ऑगस्ट 1948 मध्ये झालेली हत्या येथे निर्णायक मानावी लागते, कारण केवळ श्रद्धा हाच निकष असता तर एक मुस्लिम संपादक बळी पडला नसता. निकष सत्तेवरील निष्ठेचा होता. मात्र यावरून धर्म हे निव्वळ निमित्त होते, असा जो सोयीस्कर निष्कर्ष पुरोगामी वर्तुळांत काढला जातो, तोही टिकत नाही, कारण ज्या गरीब मुस्लिमांना त्या सत्तेतून काहीच मिळत नव्हते, त्यांना सत्ताधारी असल्याची भावना धर्मानेच पुरविली होती.

13 ते 17 सप्टेंबर 1948 या काळात 'पोलीस ॲक्शन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कारवाईत भारतीय सैन्याने संस्थान ताब्यात घेतले. बिलोली तालुक्यातील अर्जापूरला 1946 मध्ये मुक्तिसंग्रामातील कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांचा खून पाहिलेल्या या प्रदेशाला ती कारवाई आवश्यक वाटावी, यात नवल नाही, आणि ती आवश्यक होतीही. प्रश्न नंतरचा आहे. केंद्राने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने पोलीस ॲक्शनच्या काळात व नंतर मारल्या गेलेल्यांची संख्या किमान 27 ते 40 हजार असल्याचा अंदाज दिला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद (लातूर तेव्हा याच जिल्ह्यात होते) व नांदेड यांची नोंद केली; लातुरात तर हत्या वीस दिवसांहून अधिक काळ चालल्याचे समितीने नमूद केले. आकड्यांवर वाद घालता येतो आणि तो घातला गेला आहे, परंतु अनेक दशके अहवालच प्रसिद्ध न केल्यामुळे तो वाद पुराव्याऐवजी अफवांवर पोसला गेला. खुद्द रझवीवर मात्र रीतसर खटला चालला, बीबीनगर दरोडा प्रकरणात शिक्षा झाली, 1957 मध्ये सुटका झाली आणि तो पाकिस्तानात निघून गेला. ज्याने आग लावली त्याला न्यायालय मिळाले. त्याच्या गावातील सामान्य मुस्लिमांना मिळाले नाही.

रझाकार आणि आजची जिहादी संघटना यांची वंशावळ एकच, असे सांगणाऱ्या वक्त्यांना टाळ्या मिळतात, पण लष्कर-ए-तैयबाची घडण अफगाण युद्ध आणि पाकिस्तानी आश्रय यांतून झाली, हैदराबादच्या दरबारातून नव्हे. न्यायाचा तोच प्रश्न मात्र नांदेडमध्ये पुन्हा उभा राहिला: ऑगस्ट 2012 मध्ये दहशतवादविरोधी पथकाने तेथील पाच तरुणांना लष्कर-ए-तैयबाशी संबंध असल्याच्या आरोपावरून अटक केली आणि पुढे तपास राष्ट्रीय तपास संस्थेकडे (एनआयए) गेला. जून 2021 मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने तिघांना दहा वर्षांची शिक्षा दिली व दोघांना निर्दोष सोडले, म्हणजे धोका काल्पनिक नव्हता आणि जाळेही अचूक नव्हते. अशा खटल्यांत लागणाऱ्या बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) कायद्याचे कलम 43-डी(5) असे सांगते की आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन देता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या वटाली निकालानुसार त्या टप्प्यावर पुराव्याची बारकाईने छाननीही करता येत नाही; त्याच न्यायालयाच्या 2021 च्या नजीब निकालाने दीर्घ कारावासाच्या आधारे जामिनाची वाट थोडी मोकळी केली, ती नांदेडच्या त्या दोघांच्या निर्दोष सुटकेच्या अवघे काही महिने आधी. विधी आयोगाने ऑगस्ट 2018 मधील 277 व्या अहवालात चुकीच्या खटल्यांत भरपाई देणारा कायदा करण्याची शिफारस केली, परंतु तसा स्वतंत्र कायदा झालेला नाही. शिवाय ती शिफारस द्वेषबुद्धीने किंवा अप्रामाणिकपणे चालविलेल्या खटल्यांपुरतीच असल्याने, केवळ पुरावा न टिकल्यामुळे सुटलेल्यांना त्या अहवालातही जागा नाही.