तेलाची साक्ष

दिवाळीच्या आधीचे चार दिवस आमच्या स्वयंपाकघरात मला मज्जाव असतो. मी चकल्या पळवतो हे त्याचे कारण नव्हे. (पळवतो, ही गोष्ट वेगळी.) एकदा मी धुतलेला झारा न पुसताच तापल्या तेलात बुडवला. तेल असे तडतडले की सौभाग्यवती दोन पावले मागे सरली आणि म्हणाली, "अहो, जन्म गेला ना तुमचा तेल तपासण्यात!"

गेला खरा. पण ते तेल ट्रान्सफॉर्मरचे. त्या गुणगुणणाऱ्या राखाडी पेटीच्या पोटात तांब्याची वेटोळी कागदात गुंडाळून खनिज तेलात बुडवलेली असतात. तेल त्यांची उष्णता बाहेर नेते आणि विजेला भलतीकडे उडी मारू देत नाही. त्यात पाण्याचा अंश शिरला की हा पहारेकरी पेंगू लागतो. म्हणून अधूनमधून बाटलीभर तेल काढून त्याची परीक्षा घ्यायची. भांड्यात धातूचे दोन गोळे समोरासमोर, मध्ये अडीच मिलिमीटरची फट. त्यात तेल भरून विजेचा दाब चढवीत जायचे; ठिणगी पडली की आकडा टिपायचा. असे सहा वेळा करून सरासरी काढायची.

१९८१ सालचा आषाढ. मी नोकरीत नवा, म्हणजे सर्वज्ञ. घाटमाथ्यावरच्या एका गावातून नमुना आणला आणि तपासला. सरासरी अठरा किलोवोल्ट! तीसच्या खाली आले की काळजी करायची, असा आमचा हिशेब. खरे तर असा आकडा आला की दुसरा नमुना घ्यायचा, हा साधा शिरस्ता. पण मी इतक्या ठाम शब्दांत अहवाल लिहिला की वरिष्ठांनी विश्वास ठेवला. गावाला ट्रान्सफॉर्मर एकच. तो बंद करून तेल गाळायचे ठरले.

गाव अंधारात गेले. पाणीपुरवठ्याचा पंपही त्याच विजेवर. बाहेर धो धो पाऊस आणि घरोघरी नळ कोरडे! बायका पागोळ्यांखाली हंडे लावून बसल्या होत्या. माझ्या छत्रीकडे पाहून एक आजीबाई म्हणाल्या, "बाबा, घरात बाळंतीण आहे. कधी येईल रे वीज?" मी "लौकरच" म्हणालो आणि पाय उचलला.

गाळणयंत्र वाटेत घाटात अडकले होते. दुसऱ्या रात्री केंद्रावरचे वयस्क मदतनीस, आम्ही सारे त्यांना मामा म्हणत असू, कंदील पुसता पुसता सहज म्हणाले, "साहेब, त्या दिवशी बाटली कशानं धुतली होती?"

"नळाखाली. चांगली स्वच्छ!"

मामा काही बोलले नाहीत. तेच वाईट होते.

पहाटे पाऊस थांबला. मामांनी कोरडी बाटली आणली. पाणी तेलाहून जड, ते तळाशी बसते. म्हणून तळाचा व्हॉल्व्ह उघडला. पहिले तेल वाहू दिले, मग त्याच तेलाने बाटली विसळून काठोकाठ भरली. बूच लावताना त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. दुपारी आकडा आला: सेहेचाळीस.

आता तेलात विरघळलेले वायूसुद्धा मोजतात. अॅसिटिलीन निघाला तर पोटात कुठेतरी ठिणग्या उडत असल्याचा संशय धरतात. पण नमुना अजूनही बाटलीत किंवा सिरिंजमध्ये माणूसच भरतो.

नवा अहवाल लिहायला बसलो. "पहिल्या नमुन्यात बाह्य आर्द्रता आढळली," असे लिहून सुटता आले असते. वाक्य मोठे रुबाबदार होते. ते खोडले आणि लिहिले, "बाटली मी ओली वापरली." वरिष्ठांनी पुढे काय सुनावले ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही.

संध्याकाळी वीज आली. मी त्या आजीबाईंच्या दारावरून गेलो. आत दिवा होता, बाळ रडत होते. त्यांनी मला ओळखले आणि चहाला बोलावले. चहा घेतला, पण दोन रात्री अंधार कशामुळे होता, ते मात्र त्यांना सांगू शकलो नाही.